निष्ठेची वर्गणी

कुस्तीच्या फडावर बसलेल्या माणसाला आमच्याकडे चाहता म्हणत नाहीत, शौकीन म्हणतात. कर्ण्यावरून पुकारा होतो तोही ‘कुस्तीशौकिनांनी आखाडा मोकळा ठेवावा’ असाच. चाहता नटनटीचा, समर्थक पुढाऱ्याचा, फॅन क्रिकेटवाल्यांचा. शौकिनाला शौक असतो आणि शौकाला पैसे पडतात, हे त्या शब्दातच येऊन गेलं. खेळाच्या अर्थशास्त्रावरच्या या पुस्तकाची सुरुवात मी या शब्दापासून करतो आहे, कारण पुढे दोनअडीचशे पानं जो प्रश्न सोडवायचा आहे तो त्यात आधीच बसलेला आहे. खेळावर जीव टाकणारा एक आणि त्या जीव टाकण्यातून कमावणारा दुसरा, असं झालं की काय होतं?

भोर आणि वेल्ह्याकडच्या विद्यार्थ्यांना हा विषय सांगू लागलो की ते जरा बिचकतात. संदर्भ सगळे अमेरिकेतले असतात. बेसबॉल, बर्फावरची हॉकी, असले खेळ. वेल्ह्यात पाऊस इतका पडतो की घरं शेवाळतात, पण बर्फ म्हटला की तो गोळ्याच्या गाडीवरचाच. तरीही मी खात्रीने सांगतो, ज्याने गावच्या यात्रेची वर्गणीची वही उघडून पाहिली आहे त्याची या शास्त्रातली अर्धी तयारी झालेली असते.

ती वही आधी पाहू.

चैत्र-वैशाखात यात्रा. घरटी वर्गणी ठरते. पुण्यामुंबईला असलेल्यांची जास्त. पालखी, तमाशा किंवा भारूड, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या. सुरुवात पोरांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. मग शंभर रुपयांची, पाचशेची, हजाराची, असं चढत चढत शेवटच्या कुस्तीपर्यंत. तिचं इनाम सगळ्यांत मोठं, कधी वर चांदीची गदा. प्रत्येक इनाम कोणी लावलं ते कर्ण्यावर नावासकट सांगितलं जातं. हरलेला पोरगा चांगला लढला असेल तर एखादा म्हातारा उठतो, आखाड्यात जातो आणि त्याच्या हातावर नोट ठेवतो. तेही नाव पुकारलं जातं. पैलवानासाठी हा धर्मादाय मामला नाही. खुराक महाग असतो, वस्तादाचं देणं असतं; हंगामभर तो या यात्रेतून त्या यात्रेत फिरतो आणि त्यावर वर्ष काढतो. म्हणजे इथे पैसा आहे, धंदाही आहे. नाही तो मालक. ज्याने बघायचं त्यानेच भरायचं, आणि वही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कोणालाही वाचता येते. निष्ठा विरुद्ध नफा असं भांडण इथे उभंच राहत नाही, कारण दोन्ही बाजूंना माणसं तीच.

या वहीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती या शास्त्राचा पाया आहे. पंच कुस्ती ‘जोडतात’. दोन मल्लांची वजनं, वयं, तालमी पाहून जोड लावली जाते. जोड बरोबरीची नसेल तर शौकीन ओरडतो, उठून जातो. सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये बेसबॉलच्या खेळाडूंच्या बाजारावर लेख लिहिला आणि निकाल आधी ठाऊक नसण्यावरच प्रेक्षक टिकतो असं मांडलं. ही विद्याशाखा सुरू झाली ती साधारण त्या लेखापासून. १९६४ मध्ये वॉल्टर नील याने तेच मुष्टियुद्धाच्या उदाहरणाने सांगितलं. साबणाच्या कारखानदाराला शेजारचा कारखाना बंद पडलेला हवा असतो. जो लुईला मात्र मॅक्स श्मेलिंग धडधाकट हवा होता. १९३६ मध्ये श्मेलिंगने त्याला हरवलं होतं, म्हणूनच १९३८ च्या दुसऱ्या लढतीला किंमत आली. प्रतिस्पर्धी जितका तगडा तितकी आपली मिळकत मोठी, हा धंदा इतर धंद्यांसारखा नाही. नीलचा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या पंचांनी हे शोधनिबंधाशिवाय चालवलं आहे. मात्र पंचांना जे ठाऊक असतं ते त्यांनी मांडून ठेवलेलं नसतं, आणि मांडून ठेवल्याशिवाय दुसऱ्या खेळाशी ताडून पाहता येत नाही. नीलची थोरवी तेवढी मान्य करायला हवी.

आता बर्फावर येऊ. उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग १९१७ ची. तिथे संघ कंपनीचा असतो आणि शहर ही त्याची बाजारपेठ असते. कॅनडातल्या क्वीबेक शहराचा नॉर्डिक्स नावाचा संघ होता. फ्रेंच बोलणाऱ्या त्या लहानशा शहराला तो घरचाच वाटे. १९९५ मध्ये मालकांनी तो विकला आणि तो अमेरिकेत कोलोरॅडोला गेला. नाव बदललं, रंग बदलले. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्याने स्टॅनले चषक जिंकला. क्वीबेकच्या लोकांनी तो चषक टीव्हीवर पाहिला. २०१५ मध्ये त्या शहराने नवं कोरं मोठं मैदान बांधलं, संघ परत येईल या आशेवर. संघ आलेला नाही.

याच्या उलट टोरांटो. मेपल लीफ्स या तिथल्या संघाने शेवटचा चषक जिंकला तो १९६७ मध्ये. तरी तिकिटं महागडी, ती मिळायची मारामार, आणि मौल्यवान संघांच्या यादीत हा संघ कायम वरच्या ओळीत. दुकानदाराने साठ वर्षं नासका माल विकला असता तर दुकान उरलं असतं का? इथे उरतं. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या पगाराच्या भांडणात रद्द झाला. एकही सामना नाही. पुढच्या हंगामात मैदानं पूर्वीपेक्षा जास्त भरली. पुस्तकाच्या पहिल्या भागात ही तीन उदाहरणं सविस्तर येतात. तिथे मागणी, किंमत आणि मक्तेदारी यांची थोडी गणितंही आहेत. ती वगळून वाचलं तरी चालेल. परीक्षेला बसायचं असेल तर मात्र नाही.

पण क्वीबेक कशाला, पुणंच घ्या. एका पिढीत इतके संघ बुडालेले आणि पळवलेले पाहिलेलं दुसरं शहर भारतात शोधावं लागेल, आणि त्यातले बरेच सामने भोर-वेल्ह्याच्या पोरांनी दुचाकीवर तिघं बसून जाऊन पाहिलेले आहेत. पुणे वॉरियर्स हा आयपीएलचा संघ २०११ ला मैदानात उतरला, मालक आणि क्रिकेट मंडळ यांच्यात पैशांवरून बिनसलं आणि २०१३ ला संपला. २०१६ ला रायझिंग पुणे आला, तो मुळातच दोन वर्षांच्या बोलीवर. चेन्नई आणि राजस्थान निलंबित होते, त्यांची रिकामी जागा भरायला. २०१७ च्या अंतिम सामन्यात तो मुंबईकडून एका धावेने हरला आणि त्याच रात्री त्याचं आयुष्यही संपलं. एका धावेने हरलेल्या संघाला पुढच्या वर्षी उट्टं काढायची सोय असते. याला तीही नव्हती.

लगेच २०१८ मध्ये कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे घरचे सामने गहुंजेला आले. चेन्नईचे प्रेक्षक खास रेल्वेगाडीने पुण्यात उतरले, पिवळे सदरे घालून. दोन वर्षांपूर्वी ज्या धोनीला पुण्याचा म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्याच धोनीला त्याच मैदानावर पुणेकरांनी चेन्नईचा म्हणून टाळ्या दिल्या. मला या प्रसंगाचा अर्थ अजून पुरता लागलेला नाही. एक वाटतं की निष्ठा कशाला चिकटते हे आपण धरून चालतो तितकं सोपं नसावं. गावाला, नावाला, माणसाला, रंगाला, की आपण कोणाशेजारी बसून सामना पाहिला त्याला? यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी विकता येते. शेजारी तेवढा विकता येत नाही.

फुटबॉलमध्ये तर क्वीबेकची नक्कलच झाली. एफसी पुणे सिटी २०१४ पासून बालेवाडीला खेळत होता. २०१९ ला पैशांअभावी गुंडाळला गेला, त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला, आणि मार्च २०२२ मध्ये त्या हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली. पुढे २०२५ मध्ये हैदराबादकरांच्या हातावरही तुरी देऊन तो दिल्लीला गेला. गावावरून गेलेल्या पालखीसारखं झालं हे. फरक इतकाच की पालखी पुढच्या वर्षी परत येते.

कबड्डीकडे मात्र मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तो खेळ इथला. दिवाळीनंतर शाळेच्या पटांगणावर चुन्याच्या रेघा मारून, हॅलोजन लावून रात्रभर सामने चालतात. प्रो कबड्डी २०१४ च्या जुलैत सुरू झाली. मातीचा खेळ मॅटवर गेला, चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लागलं, आणि पुणेरी पलटण हा संघ पहिल्या हंगामापासून आहे. (पलटण हा शब्द गमतीचा. मुंबईच्या आयपीएल संघाचे चाहतेही स्वतःला पलटणच म्हणवतात. भोरचा पोरगा एकाच वर्षात दोन पलटणींत भरती होतो. पण खऱ्या पलटणीत निदान पगार तरी मिळायचा!) १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. बचावात भिंत होऊन उभा राहिलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, त्याला लिलावात २ कोटी ३५ लाख मोजले होते.

त्यानंतरचा लिलाव ऑगस्ट २०२४ चा. पलटणने शादलुईला मोकळं केलं होतं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं. २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत, पुण्याच्या घरच्या मैदानावर, अंतिम सामना झाला तो हरियाणा विरुद्ध पाटणा. हरियाणा जिंकला. शादलुई पुण्यात जिंकला, पण पुण्यासाठी नाही. २०२५ मध्ये तो २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला. त्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. पुण्यात एकही नाही. पलटण तरी अंतिम फेरीत पोहोचली आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. म्हणजे नावात पुणे असलेला संघ वर्षभर पुण्याबाहेर खेळला, आणि ‘आपण तीन गुणांनी हरलो’ असं लोक इथे चहाच्या टपरीवर बोलत होते. या ‘आपण’चं काय करायचं, हा या विद्याशाखेतला मला सगळ्यांत अवघड वाटणारा प्रश्न आहे.

असं करणं मालकांना परवडतं, कारण पैसा तिकिटांतून येत नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. ही रक्कम मंडळाकडे येते आणि तिचा वाटा संघांना मिळतो. मग घरचं मैदान ही सोय होते, गरज उरत नाही. कबड्डीचे आकडे फार लहान, पण कारभार त्याच वळणाचा. यावर कोणी म्हणेल, मग मैदानावरच्या प्रेक्षकाला किंमत नाही. तसंही नाही, आणि हे कळलं करोनाच्या काळात. २०२० ची आयपीएल आखातात रिकाम्या मैदानांवर खेळली गेली आणि प्रक्षेपणात प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित गोंगाट सोडावा लागला. माणसं नव्हती, पण त्यांचा आवाज लागत होता. माझ्या मते या शास्त्रातला सगळ्यांत बोलका पुरावा हाच. प्रेक्षक हा गिऱ्हाईक आहे असं आपण समजत होतो. तो कच्चा मालही आहे, आणि फुकट मजूरही. त्याच्या ओरडण्याशिवाय जो माल विकला जात नाही, त्या मालाच्या हिशेबात त्याचं नाव कुठेच नाही. निष्ठा आणि नफा यांचं वैर आहे असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही. नफा निष्ठेवरच जगतो. भांडण आहे ते वही कोणाकडे असावी याचं.

अल्बर्ट हर्शमन याचं १९७० चं एक छोटं पुस्तक या शाखेत वारंवार येतं. संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, उठून जाणं किंवा आवाज करणं. आणि निष्ठा जितकी घट्ट तितका माणूस उठून जायला उशीर करतो आणि आवाज करत राहतो. आखाड्यावर हा आवाज चालतो. कुस्ती नुरा वाटली, म्हणजे आधी ठरवून लावलेली वाटली, की शौकीन असा काही गलका करतात की पंचांना मध्ये पडावं लागतं. वर्गणी दिलेली असते ना. जर्मनीत फुटबॉल क्लबातली बहुसंख्य मतं सभासदांकडेच ठेवायचा नियम आहे. तोही वर्गणीचाच भाऊ. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी स्वतःची वेगळी लीग काढली, तेव्हा इंग्लंडमधले प्रेक्षक रस्त्यावर आले आणि तिथले सहाच्या सहा क्लब दोन दिवसांत मागे फिरले. पुण्यात संघ गेले तेव्हा असं काही घडलं नाही. ते का, यावर चौथं प्रकरण आहे. तिथे माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं एकमत झालेलं नाही, आणि आम्ही ते लपवलेलंही नाही.

निष्ठा हा शब्द या खोऱ्यांत वापरताना मात्र जपावं लागतं. १६५९ मध्ये अफजलखान आला तेव्हा रोहिड खोऱ्यातल्या कारीच्या कान्होजी जेध्यांना आदिलशाही फर्मान आलं, खानाला मिळा. त्यांनी वतनावर पाणी सोडलं आणि शिवाजी महाराजांच्या बाजूला उभे राहिले. उत्रोळीचे खोपडे खानाकडे गेले. ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. त्यामुळे जाहिरातवाले मावळे, निष्ठा, रक्त असले शब्द सदऱ्यावर छापतात तेव्हा ते फार स्वस्तात फार जुना साठा उपसत असतात. कान्होजींपुढे सोडायला वतन होतं, म्हणून त्यांच्या निवडीला अर्थ आला. आजच्या प्रेक्षकापुढे निवड कसली? नावाचंच पाहा. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. नाव अभिमानाचंच आहे. तरी एसटीत बसणारी म्हातारी ‘एक वेल्हे’ म्हणूनच तिकीट मागते. नावं वरून बदलतात, जीभ आपल्या गतीने बदलते. संघांच्या नावांबद्दलही तेच, फक्त तिथे जिभेला सरावायला वेळ मिळत नाही.

आता माझ्याच बाजूविरुद्ध थोडं. गावचा आखाडा म्हणजे सत्ययुग आणि लीग म्हणजे कलियुग, असं या पुस्तकातून कोणी काढू नये. आखाड्याभोवतीच्या गर्दीत बायका क्वचितच दिसल्या. टीव्हीवरची कबड्डी त्या घरात बसून, मोठमोठ्याने सल्ले देत पाहतात. कोणाचं नाव कर्ण्यावर आधी यायचं यात जात आणि भावकी असतेच. अलीकडे डोंगरउतारावरच्या जमिनी विकून आलेला पैसा शेवटच्या कुस्तीच्या इनामात दिसू लागला आहे आणि फ्लेक्सवर मल्लापेक्षा दात्याचा फोटो मोठा असतो. मालक नाही म्हणालो, तो असा मागच्या दाराने येतो. संघटनांचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी, दोन गटांच्या दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. एकीत सिकंदर शेख, दुसरीत शिवराज राक्षे. तिथे भांडण नफ्याचं नव्हतं, खुर्चीचं होतं. शौकिनाच्या पदरात दोन केसरी पडले आणि त्याचं समाधान अर्धं झालं. उलट कबड्डीपटूला पूर्वी चांगला खेळ म्हणजे पोलिसात, रेल्वेत नाहीतर बँकेत नोकरी, एवढंच काय ते बक्षीस. आज तालुक्याच्या मैदानावरचा पोरगा लिलावाची स्वप्नं बघतो. त्याच्या आईला विचारलं तर ती मालकाच्या बाजूने बोलेल, आणि ती चूक आहे असं मी म्हणणार नाही.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल फार सांगत नाही. आकड्यांची भीती वाटत असेल त्याने दुसऱ्या भागापासून सुरू करावं. ज्याला स्वतः काही शोधायचं आहे त्याने येत्या चैत्रात एखाद्या यात्रेत वही घेऊन बसावं आणि कोणतं इनाम कोणी लावलं, तो माणूस राहतो कुठे, शेवटची कुस्ती सुटली तेव्हा किती जण उरले होते, एवढंच उतरवावं. दहा यात्रांच्या अशा नोंदी कोणी जमवल्या तर त्यातून जे निघेल ते टोरांटोच्या तिकिटांच्या हिशेबाशेजारी मांडता येईल.

वही काढण्याआधी मात्र पंचांना सांगून ठेवावं. आमच्याकडे अनोळखी माणूस आकडे लिहू लागला की तो प्लॉटिंगवाल्यांचा माणूस वाटतो. मी सांगितलं नव्हतं. राजगडाच्या पायथ्याकडच्या एका यात्रेत दोघे जण येऊन माझ्या दोन्ही बाजूंना बसले. काय लिहिताय, मी सांगितलं, त्यांना पटलं नाही. शेवटी एक जण म्हणाला, सर, ते राहू द्या, पावती फाडा. मी पाचशे एक रुपये दिले. थोड्या वेळाने कर्ण्यावर माझं नाव पुकारलं गेलं, आडनाव साफ चुकीचं, पुढे ‘कुस्तीशौकीन’ अशी पदवी. चारपाच जणांनी वळून पाहिलं. मला फार बरं वाटलं. ते का वाटलं, याचं उत्तर तिसऱ्या प्रकरणात शोधायचा प्रयत्न केला आहे.

भोर, मार्गशीर्ष, शके १९४७